चर्चचा वाद कोर्टात न्यावा का? त्याआधी पाहा, चर्चचे कागद कुठे आहेत

एकाच चर्चमध्ये दोन कमिट्या तयार होतात. दोन्हींकडे शिक्का असतो, दोन्हींकडे लेटरहेड असते. सही कोणाची चालवायची हे बँकेला कळत नाही, म्हणून खाते थांबते. पाळकांचे मानधन रखडते. गेटला एका गटाचे कुलूप, त्यावर दुसऱ्या गटाचे कुलूप. मग कोणीतरी म्हणते, ‘आता कोर्टातच जाऊ.’ तेवढ्यात दुसरे कोणीतरी बायबल उघडते आणि बजावते, की विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याला कोर्टात खेचायचे नसते.

अशा भांडणात नेमके कोण बरोबर असते? ख्रिस्ती माणसाने चर्चचा वाद न्यायालयात न्यावा की नेऊ नये? धर्मग्रंथ काय सांगतो, कायदा काय सांगतो आणि आजवरच्या खटल्यांचा अनुभव काय सांगतो, ते समजून घेऊ.

गोंदियासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याच्याही आत आहे. ती प्रामुख्याने मुंबई, वसई, पुणे, अहिल्यानगर अशा पट्ट्यांत आहे. गोंदिया जिल्ह्यात हा समाज संख्येने अगदी थोडा.

समाज लहान असला की भांडणाची झळ मोठी बसते. मुंबई-पुण्यात एखादे कुटुंब नाराज झाले तर पुढच्या रविवारी दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन बसते. तालुक्याच्या गावी दुसरे चर्च कुठून आणायचे? दफनभूमी एकच, लग्न लावणारे पाळक एकच, आणि भांडणारे दोन्ही गट बहुतेक वेळा एकमेकांचे सोयरे. खटला सुरू झाला की देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या माणसाला प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी सोडून गोंदिया गाठावे लागते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तर सुमारे १३० किलोमीटरवरचे नागपूर खंडपीठ.

बायबलमध्ये नेमके काय म्हटले आहे?

कोर्टात जाण्यास विरोध करणारे नेहमी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाचा आधार घेतात. करिंथच्या मंडळीतले लोक आपसातले व्यवहाराचे तंटे बाहेरच्या न्यायाधीशांपुढे नेत होते. प्रेषित पौलाने त्यांना खडसावले. तुमच्यात निवाडा करू शकेल असा एकही शहाणा माणूस नाही का, असा त्याचा सवाल आहे. भांडून जिंकण्यापेक्षा नुकसान सोसलेले बरे, इथपर्यंत तो जातो.

पण तो तिथेच थांबत नाही. लगेच पुढे तो अन्याय करणाऱ्यांना आणि आपल्याच भावांना लुबाडणाऱ्यांनाही जाब विचारतो. आपल्याकडे हा उतारा बहुधा हिशेब मागणाऱ्याला ऐकवला जातो, हिशेब न देणाऱ्याला नाही. उताऱ्याचा अर्धाच भाग वाचण्याचा हा प्रकार आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्याही दिल्या आहेत. आधी एकट्याने जाऊन बोला. ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार न्या. तरीही नाही, तर मंडळीपुढे मांडा. आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात खुद्द पौलाने, स्वतःवरचे आरोप चुकीच्या ठिकाणी चालवले जाणार असे दिसताच, रोमन नागरिकाचा हक्क वापरून थेट कैसराकडे दाद मागितली होती. त्यामुळे ‘बायबलमध्ये कोर्टाला बंदी आहे’ हे विधान जितके सरसकट केले जाते, तितके ते सरसकट खरे नाही. घाईला, हव्यासाला आणि सूडाला तिथे बंदी आहे.

कॅथलिक चर्चच्या कायद्याचा सूरही हाच. त्याच्या कलम १४४६ मध्ये, न्यायाला बाधा न आणता, श्रद्धावंतांमधले खटले शक्य तितके टाळावेत असे सांगितले आहे. यातले ‘न्यायाला बाधा न आणता’ हे शब्द विसरता कामा नयेत.

राज्यघटना काय सांगते?

अनुच्छेद २६ धार्मिक संप्रदायांना चार हक्क देतो. त्यातले दोन इथे कामाचे आहेत. एक, धर्मविषयक बाबींत आपला कारभार आपणच पाहण्याचा हक्क. दुसरा, आपल्या मालमत्तेचे प्रशासन करण्याचा हक्क, पण तो ‘कायद्यानुसार’. उपासना कशी करायची, प्रभुभोजन कोणाला द्यायचे, बाप्तिस्मा कोणत्या पद्धतीने करायचा, हे चर्च ठरवणार. जमीन, इमारत, बँक खाते आणि विश्वस्तांची निवड मात्र कायद्याच्या कक्षेत येते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये रतिलाल गांधी खटल्यात याच रेषेच्या आधारे मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला आणि काही तरतुदी रद्द केल्या.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९ ही रेषा आणखी स्पष्ट करते. वाद मालमत्तेचा किंवा पदाचा असेल तर तो दिवाणी स्वरूपाचाच समजला जातो, मग त्याचे उत्तर धार्मिक विधींच्या प्रश्नावर अवलंबून का असेना. केरळमधल्या मलंकरा चर्चच्या खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम चर्चच्या वादांनाही लागू असल्याचे सांगितले.

याची दुसरी बाजू म्हणजे चर्चने दिलेल्या निर्णयाची कायद्यातली मर्यादा. चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह रद्दबातल ठरवला तरी कायद्याच्या नजरेत विवाह संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात स्पष्ट केले.

महाराष्ट्रात पहिले दार कोणते?

इथेच अनेकांची गल्लत होते. ‘कोर्टात जाऊ’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दिवाणी न्यायालय असते. महाराष्ट्रात नोंदणीकृत चर्च हे सार्वजनिक ट्रस्ट असते, आणि त्याच्या कारभाराच्या बहुतांश तक्रारींसाठी कायद्याने वेगळे दार ठेवले आहे : धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा त्याचा आधार.

या कायद्यातली मोजकीच कलमे प्रत्येक कमिटी सदस्याला माहीत असावीत. कलम २२ : विश्वस्त किंवा मालमत्ता बदलली की ९० दिवसांत ‘चेंज रिपोर्ट’ दाखल करायचा. कलम ३६ : ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची असेल, शेतजमीन १० वर्षांहून जास्त किंवा बिगरशेती जमीन-इमारत ३ वर्षांहून जास्त काळ भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी हवी. कलम ४१ड : गैरकारभार करणाऱ्या विश्वस्ताला निलंबित करता येते, काढून टाकता येते. कलम ५० आणि ५१ : ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती धर्मादाय आयुक्तांच्या संमतीने दावा लावू शकतात. आणि कलम ८० : जे प्रश्न या कायद्याखालच्या अधिकाऱ्यांनी ठरवायचे, त्यांत दिवाणी न्यायालयाने पडायचे नाही.

हे शेवटचे कलम किती महागात पडू शकते, हे पुढच्या खटल्यावरून कळते.

नागपुरात झालेले ऐक्य, आणि ४३ वर्षांचा वाद

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरेन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स अशा सहा परंपरांच्या चर्चेस एकत्र आल्या. भारतीय ख्रिस्ती इतिहासातली ही मोठी घटना आपल्या विदर्भात घडली.

यातल्या ब्रदरेन परंपरेचे काम गुजरातेत आणि आजच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू भागात होते. गुजरातेतल्या ‘फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरेन’ या नोंदणीकृत संस्थेने विलीनीकरणाचा ठराव केला. त्यामुळे संस्था संपली आणि मालमत्ता आपल्याकडे आली, असे सीएनआयचे म्हणणे. संस्था संपलेलीच नाही, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे.

प्रकरण दिवाणी न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा सार्वजनिक ट्रस्टचा विषय असल्याने दिवाणी न्यायालयाला अधिकारच नाही. (मुंबई राज्यातला १९५०चा हाच कायदा गुजरातमध्येही लागू राहिला.) एवढी वर्षे लढल्यानंतर कळले, की दारच चुकले होते.

वाद तरीही संपला नाही. त्याच चर्चचे दुसरे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात ३० सप्टेंबर २०१३ रोजी निकाली निघाले. नुसता विलीनीकरणाचा ठराव पुरेसा नाही, असे न्यायालयाने म्हटले. नोंदणीकृत संस्था विसर्जित करण्याची १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्यात दिलेली पद्धत पाळावी लागते, आणि ट्रस्टची मालमत्ता आपोआप दुसऱ्याच्या नावावर जात नाही. १९७० ते २०१३ : ४३ वर्षे. ऐक्याच्या दिवशी तरुण असलेले सभासद तोवर म्हातारे झाले होते. हा निकाल एका संस्थेचा आहे. सीएनआयमध्ये आलेल्या प्रत्येक चर्चला तो जसाच्या तसा लागू होतो असे नाही, ते त्या-त्या संस्थेच्या कागदांवर ठरते. पण धडा सर्वांसाठी एकच आहे.

अभियांत्रिकी शाखेत आम्हाला ‘अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंग’ नावाचा प्रकार शिकवला होता. बांधकाम करताना मूळ नकाशात जे बदल झाले, ते शेवटी नकाशावर उतरवायचे. ते केले नाही तर वीस वर्षांनी भिंत फोडणाऱ्याला पाइप कुठून गेलाय हे कळत नाही आणि घरात पाणी भरते. चर्चच्या चेंज रिपोर्टचे काम हेच आहे. माणसे बदलली, चर्च बदलले, नकाशा मात्र जुनाच राहिला, की पुढच्या पिढीच्या घरात पाणी.

हे फक्त आपल्याकडेच घडते का?

नाही. नागपुरात १८४५ पासून काम करणारे स्टीफन हिस्लॉप ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होते, त्या चर्चवरही हीच वेळ आली होती. १९०० मध्ये त्या चर्चचा मोठा गट दुसऱ्या एका चर्चमध्ये विलीन झाला. लहान गट बाहेर राहिला आणि कोर्टात गेला. १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सगळी मालमत्ता त्या लहान गटाला देऊन टाकली. त्याआधी न्यायाधीशांना ईश्वरी पूर्वनियोजनाच्या सिद्धान्तावर युक्तिवाद ऐकत बसावे लागले. एवढ्या इमारती चालवणे लहान गटाला झेपणारे नव्हते. शेवटी १९०५ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करून वाटणी करावी लागली.

केरळचा अनुभव अधिक कडू आहे. मलंकरा चर्चच्या ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट गटांचा वाद १८८९, १९५८, १९९५ आणि २०१७ अशा मोठ्या निकालांमधून गेला. ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९३४ची घटना सर्व पॅरिशना बंधनकारक ठरवली. कायद्याचा प्रश्न सुटला, माणसांचा सुटला नाही. निकाल अमलात आणायला पोलीस चर्चच्या दारात उभे राहिले, आणि दफनावरून तंटे झाले. आपल्या घरातले माणूस कुटुंबाच्या दफनभूमीत पुरता यावे यासाठी केरळ सरकारला २०२० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

मालकी कोणाची हे न्यायालय सांगू शकते. दोन गटांना एका बाकावर बसवणे त्याच्या हातात नाही.

मग सगळे चर्चच्या आतच मिटवावे का?

असेही नाही. ‘घरातली गोष्ट घरात’ हे ऐकायला गोड वाटते, पण घराचा कर्ताच आरोपी असेल तर? हिशेबावर शंका घेणाऱ्याला ज्या कमिटीपुढे जायचे, त्या कमिटीचा खजिनदारच उत्तरदायी असेल तर? स्वतःच्या प्रकरणात कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये, हा न्यायाचा पहिला नियम चर्चच्या कुंपणाबाहेर ठेवता येत नाही.

आणि चर्चची मालमत्ता कमिटीची नसते. पन्नास-शंभर वर्षांपूर्वी कोणी जमीन दिली, कोणी भात विकून आलेल्या पैशांतून वर्गणी दिली. कापणीच्या सणाला म्हाताऱ्या बाईने ठेवलेले पायलीभर तांदूळही त्यात आहेत. नुकसान सोसून घ्या, हा उपदेश माणसाने स्वतःच्या नुकसानीपुरता पाळावा. दुसऱ्यांनी, तेही हयात नसलेल्यांनी, विश्वासाने दिलेल्या ठेवीवर तो उदारपणे लागू करता येणार नाही. चर्चची जमीन परवानगीशिवाय विकली जात असताना जो विश्वस्त गप्प बसतो, त्याला क्षमाशील म्हणता येत नाही. त्याने कर्तव्य सोडलेले असते.

गुन्ह्याच्या बाबतीत तर प्रश्नच उद्भवत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना देणे पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. तिथे पंचायत, समेट, माफीनामा यांना जागा नाही.

कोर्ट आणि भांडण यांच्या मध्ये काही आहे का?

आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ न्यायालयांना मध्यस्थी आणि लोकअदालतीचा मार्ग देते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नसते. प्रलंबित दाव्यात भरलेले न्यायालयीन शुल्कही परत मिळते. मात्र यासाठी दोन्ही बाजूंची संमती लागते. आणि ट्रस्टची जमीन दोन गटांनी आपसात वाटून घेण्याचा सौदा तडजोडीच्या नावाखाली करता येत नाही. तिथे धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागतेच.

आमचे मत काय?

वादाचे तीन प्रकार करावेत. रुसवेफुगवे, उपासनेची पद्धत, कोणाला कोणत्या कमिटीत घेतले नाही, पाळकांचा स्वभाव : हे कोर्टात नेऊ नये. तिथे पौलाचा सल्ला जसाच्या तसा पाळण्यासारखा आहे. गुन्हा : तो थेट पोलिसांकडे. मालमत्ता, हिशेब आणि निवडणूक : आधी आत, पण ठरावीक मुदतीत. मुदत संपली की धर्मादाय आयुक्तांकडे, आणि त्यांच्याकडून पुढे कायदा नेईल तिथे. हे करताना कोणालाही अपराधी वाटण्याचे कारण नाही.

पण खरा उपाय वादाच्या आधीचा आहे, आणि तो कोणत्याही लहान मंडळीला परवडणारा आहे.

• धर्मादाय कार्यालयातून आपल्या ट्रस्टच्या नोंदणी रजिस्टरचा उतारा काढा. त्यावर विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत? हयात किती?

• चर्च, पाळकांचे घर आणि दफनभूमीचा सातबारा किंवा आखीव पत्रिका काढून त्या उताऱ्याशी ताडून पाहा. जमीन अजून जुन्या मिशनच्या नावावर असेल तर ते आज कळलेले बरे.

• विश्वस्तांची निवड झाली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल झाला की नाही, हे सभेत विचारा. पोच मागा.

• सभासदांची यादी दरवर्षी अद्ययावत करून सूचना फलकावर लावा. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात यादीत नावे वाढवणे आणि कमी करणे हेच अनेक भांडणांचे मूळ असते.

• लेखापरीक्षण झालेला हिशेब उपासनेनंतर वाचून दाखवा. प्रश्न विचारणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर द्या.

• तीन जणांची तंटा समिती नेमा. त्यातला एकही या मंडळीचा पदाधिकारी किंवा त्याचा नातेवाईक नसावा, किमान एक महिला असावी. तक्रारीवर ६० दिवसांत लेखी निर्णय द्यायचा, नाही दिला तर तक्रारदार पुढे जायला मोकळा.

यात वकिलाची फी नाही, तारखा नाहीत. लागतो तो एखादा दिवस गोंदियाला जाऊन उतारे काढण्याचा वेळ आणि सभेत ते सर्वांसमोर ठेवण्याची तयारी. पौलाने करिंथकरांना जो सवाल केला, तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा माणूस नाही का, त्याचे उत्तर द्यायचे तर शहाण्या माणसाच्या हातात आधी खरे कागद असावे लागतात. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तेवढा एक विषय घालायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.